लिंबाचं तिरामिसू घरच्या घरी: ओव्हन नको, मद्य नको, शंकाही नको

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की घरातल्या मुलींच्या मोबाइलवर गोड पदार्थांचे व्हिडिओ फिरू लागतात. शीरखुर्मा अम्मीचा, शाही तुकडा खालाचा, मग आपण काय करायचं? या प्रश्नाला हल्ली बऱ्याच घरांत एक उत्तर ऐकू येतं: तिरामिसू. त्यातही लिंबाचं, कारण ते कॉफीच्या तिरामिसूसारखं कडवट नसतं आणि घरातली लहान मुलंही आवडीने खातात. ओव्हन लागत नाही, शेगडी आणि फ्रीज असला की झालं.

पण नाव काढलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस विचारतंच, "त्यात दारू असते ना?" मग दोनपैकी एक होतं. काही घरांत पदार्थ तिथेच बाद होतो. काही घरांत मुलं बाहेर कॅफेत जाऊन, काही न विचारता, खाऊन येतात. दोन्ही गोष्टींची गरज नाही. पदार्थात काय असतं, कशासाठी असतं आणि त्याच्या जागी आपण काय घालू शकतो, हे एकदा समजून घेतलं तर तिरामिसू आपल्या दस्तरखानावर अगदी निर्धास्त ठेवता येतं.

मूळ तिरामिसूत मद्य नव्हतंच

तिरामिसू हा इटलीचा पदार्थ. ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात ट्रेव्हिसो नावाचं शहर आहे. तिथल्या 'ले बेक्केरीए' या रेस्टॉरंटच्या मेनूवर तो १९७२ मध्ये आला, असं साधारणपणे मानलं जातं. या रेस्टॉरंटचे मालक अदो काम्पेओल यांचं २०२१ मध्ये निधन झालं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'तिरामिसूचे जनक' म्हणून त्यांची बातमी दिली होती. शेजारच्या फ्रिउली प्रांतातले लोक मात्र म्हणतात की पदार्थ आमचा आणि त्याहून जुना. तो वाद इटलीत आजही चालू आहे. नावाचा अर्थ साधा आहे: 'मला वर उचल'. म्हणजे थकलेल्या माणसाला तरतरी आणणारा गोड घास.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. इटालियन पाककला अकादमीने २०१० मध्ये या पदार्थाची मूळ कृती अधिकृतपणे नोंदवून ठेवली. तिच्यात अंड्याचा बलक, साखर, मास्कारपोने चीज, सावोयार्दी बिस्किटं, कॉफी आणि कोको एवढंच आहे. मद्य नाही. मुलांनाही खाता यावं म्हणून ते घातलंच नव्हतं. रम आणि मार्साला वाइन नंतरच्या लोकांनी घातली आणि हळूहळू पुस्तकांत, हॉटेलांत तीच रीत होऊन बसली. म्हणजे बिनमद्याचं तिरामिसू केलं तर आपण पदार्थाची मोडतोड करत नाही, उलट मूळ कृतीच्या जास्त जवळ जातो.

लिंबाचा प्रकार नंतर आला. त्यात कॉफीऐवजी लिंबाचा पाक आणि कोकोऐवजी लिंबाची सायीसारखी क्रीम असते. दक्षिण इटलीत सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर लिंबाच्या मोठ्या बागा आहेत आणि तिथे लिंबाच्या सालीपासून 'लिमोंचेलो' नावाचं मद्य बनतं. लिंबाच्या तिरामिसूच्या बहुतेक इटालियन कृतींत बिस्किटं या लिमोंचेलोत बुडवतात. त्यामुळे कॉफीच्या तिरामिसूपेक्षा लिंबाच्या तिरामिसूबद्दल जास्त सावध राहायला हवं. 'लिंबू म्हणजे सरबतच' असं समजून चालत नाही.

लिंबू आपल्याच ओळखीचं

एक गंमत सांगते. आपण मराठीत लिंबू म्हणतो, उर्दूत नींबू, फारसीत लीमू, अरबीत लैमून आणि इटालियनमध्ये लिमोने. सगळी एकाच घरातली भावंडं. लिंबाच्या कुळाचा उगम ईशान्य भारत आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात मानतात. तिथून ते इराण, अरबस्तान असं करत पश्चिमेला गेलं. सिसिली बेटावर ८२७ मध्ये मुस्लिम फौजा उतरल्या आणि पुढे अडीचशेहून जास्त वर्षं तिथे मुस्लिम सत्ता होती. त्या काळात आरबांनी कालवे काढले, पाण्याची व्यवस्था लावली आणि लिंबू, ऊस यांची शेती त्या बेटावर रुजवली. साखरेला इटालियन भाषेत 'झुक्केरो' म्हणतात, तेही अरबी 'सुक्कर'वरून आलं. तेव्हा लिंबू आणि साखर या दोन गोष्टींच्या बाबतीत तरी हा पदार्थ आपल्याला परका नाही.

शंकेच्या चार जागा

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, पाकिटावर हिरवा ठिपका असला म्हणजे हलाल ना?" प्रश्न फार चांगला होता. त्याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे. तिरामिसूतल्या चार गोष्टी तपासू, म्हणजे ते नीट कळेल.

पहिली, पाक. बिस्किटं ज्यात बुडवतात तो पाक. मद्य असेल तर ते मुख्यतः इथेच असतं. 'शिजवताना उडून जातं' असं काही जण म्हणतात. पण या पदार्थात मद्य घातल्यावर काहीच शिजत नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं राहतं. घरी करताना हा प्रश्न येत नाही. बाहेर खाताना मात्र पहिला प्रश्न हाच विचारायचा.

दुसरी, जिलेटिन. क्रीम घट्ट उभी राहावी, कापल्यावर चौकोन स्वच्छ निघावा म्हणून काही ठिकाणी जिलेटिन घालतात. जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतं. ते डुकराचं असू शकतं, गुराचं असू शकतं, मासळीचंही असतं. नुसत्या 'जिलेटिन' या शब्दावरून ते कशाचं आहे हे कळत नाही. इथे आपल्या देशातला हिरवा ठिपका उपयोगी पडतो. हिरवं चिन्ह असलेल्या पदार्थात दूध, मध अशा मोजक्या गोष्टी सोडून प्राण्यापासून आलेलं काहीही चालत नाही, त्यामुळे त्यात जिलेटिन नसतं. अंडं असलेल्या पदार्थावर मात्र मांसाहाराचं तपकिरी चिन्ह येतं. ते चिन्ह पूर्वी गोल ठिपका होतं, २०२० च्या नियमांनंतर त्रिकोण झालं. म्हणजे तपकिरी चिन्ह दिसलं की लगेच हराम असं नाही. फक्त अंड्यामुळेही ते असू शकतं. अशा वेळी साहित्याची यादी वाचायची.

तिसरी, इसेन्स. व्हॅनिलाचा अर्क मद्यार्कात काढलेला असतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणवून घ्यायला त्यात किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. मद्यार्क वनस्पतीपासून बनतो, त्यामुळे हिरवा ठिपका तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. ठिपका शाकाहार सांगतो, नशा सांगत नाही. वर्गातल्या त्या मुलीला मी हेच सांगितलं. लिंबाच्या तिरामिसूला व्हॅनिलाची गरज नसते. सालीचा वास पुरेसा असतो. घालायचाच असेल तर बाटलीवरची यादी वाचून, मद्यार्क नसलेला इसेन्स घ्या.

चौथी, बिस्किटं. इटलीची सावोयार्दी म्हणजे अंडी, साखर आणि मैद्याची हलकी, लांबट बिस्किटं. परदेशी पाकीट असेल तर यादी वाचा. नाहीतर आपल्या बेकरीतला केक रस्क घ्या. तो अंड्याचा केक दुसऱ्यांदा भाजून बनवतात, त्यामुळे सावोयार्दीला सगळ्यात जवळचा आणि खिशालाही परवडणारा.

मास्कारपोनेबद्दल मात्र फार काळजीचं कारण नाही. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, म्हणून चीजचं नाव काढलं की शंका येते. मास्कारपोने आम्लाने बनतं, म्हणजे लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक आम्लाने. त्याला रेनेट लागत नाही. तरी विकतचा डबा घेताना यादीवर एकदा नजर टाकावीच.

मद्याचं काम साखर कशी करते

लिंबात दोन वेगळ्या गोष्टी असतात. आंबटपणा रसात असतो, वास सालीत. सालीच्या पिवळ्या किंवा हिरव्या थरात तेलाचे बारीक बारीक कोष असतात. लिंबू सोलताना डोळ्यांत उडून चुरचुरतं ते हेच तेल. ते पाण्यात नीट विरघळत नाही. मद्यार्कात आणि तेलातुपात, सायीत मात्र विरघळतं. इटलीत साली मद्यार्कात भिजत घालतात त्याचं कारण हेच: वास ओढून घ्यायचा.

तोच वास आपण दुसऱ्या मार्गाने काढू शकतो. किसलेली साल साखरेत घालायची आणि बोटांनी चोळायची. साखरेचे कण धारदार असतात, ते तेलाचे कोष फोडतात आणि तेल साखरेला चिकटतं. पाच मिनिटांत साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. मग ही साखर लोणी किंवा क्रीम असलेल्या मिश्रणात गेली की तेल त्या स्निग्धांशात उतरतं आणि तिथेच राहतं. चवीच्या बाबतीत आपण काहीही गमावत नाही. म्हणून या कृतीत साल चोळण्याची पायरी टाळू नका. नुसता रस पिळून केलेलं तिरामिसू फक्त आंबट लागतं.

लिंबाबद्दल आणखी एक. इटलीचं लिंबू मोठं, पिवळं आणि जाड सालीचं असतं. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं, जास्त आंबट आणि वासाला तिखट. ते उत्तम चालतं, फक्त पिकून पिवळी झालेली लिंबं निवडा. किसणी अगदी हलकी फिरवा, कारण सालीखालचा पांढरा पापुद्रा कडू असतो. किसण्याआधी लिंबं कोमट पाण्यात मीठ लावून चोळून धुवा. साल पोटात जाणार आहे.

अंड्याचं काय करायचं?

मूळ कृतीत बलक कच्चाच फेटतात. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जिवाणू पोटात जाऊ शकतात आणि उलट्या-जुलाब, ताप येऊ शकतो. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारी लोकांना याचा धोका जास्त. ईदच्या दिवशी दस्तरखानावर हे सगळेच असतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. म्हणून कच्चं अंडं नकोच.

खाली दिलेल्या कृतीत अंडं नाही. घट्टपणा कॉर्नफ्लोअरने येतो. अंड्याची चव हवीच असेल तर दोन बलक कॉर्नफ्लोअरच्या मिश्रणात आधीच फेटून घाला, म्हणजे ते शिजताना बलकही पूर्ण शिजेल.

साहित्य

साधारण २० सेंटिमीटर लांब-रुंद काचेचं चौकोनी भांडं, नऊ जणांसाठी. रोज्यात करताना चव बघता येत नाही, म्हणून वजनी मापं दिली आहेत. घरात काटा असेल तर वापरा.

लिंबाच्या क्रीमसाठी: साखर १०० ग्रॅम, २ मोठ्या पिवळ्या लिंबांची किंवा ३ कागदी लिंबांची किसलेली साल, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम (अडीच मोठे चमचे), पाणी १२० मिली, लिंबाचा रस ८० मिली, लोणी ४० ग्रॅम, चिमूटभर मीठ.

पाकासाठी: पाणी २०० मिली, साखर ६० ग्रॅम, एका लिंबाच्या सालीच्या पातळ पट्ट्या, लिंबाचा रस ३ मोठे चमचे.

पांढऱ्या थरासाठी: मास्कारपोने २५० ग्रॅम, व्हिपिंग क्रीम २०० मिली, पिठीसाखर ४० ग्रॅम. क्रीमच्या पाकिटावर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असेल तर ती बहुतेक वेळा आधीच गोड असते आणि दुधाऐवजी वनस्पती तेलाची असते. ती घेतली तर पिठीसाखर घालू नका.

थरांसाठी: सावोयार्दी किंवा केक रस्क २०० ते २५० ग्रॅम.

वरून: थोडी किसलेली साल आणि भरडलेला पिस्ता.

मास्कारपोने घरी, नाहीतर चक्का

विकतचं मास्कारपोने महाग असतं आणि लहान गावांत मिळतही नाही. घरी करायला दोन वस्तू लागतात. दुकानात मिळणारी २५ टक्के फॅटची फ्रेश क्रीम ५०० मिली घ्या. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यावर क्रीमचं भांडं ठेवा आणि ढवळत राहा. क्रीम चांगली गरम झाली, वाफ येऊ लागली, कडेला बारीक बुडबुडे दिसले की एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. उकळी येऊ द्यायची नाही. चार-पाच मिनिटं हलकेच ढवळा. मिश्रण दाट होऊन चमच्याच्या पाठीला चिकटून राहील.

दुधात लिंबू पिळलं की पनीर फाटून वेगळं होतं, मग क्रीम का फाटत नाही? कारण क्रीममध्ये प्रथिनं कमी आणि स्निग्धांश जास्त असतो. प्रथिनं एकत्र येतात, पण त्यांच्यामध्ये स्निग्धांश इतका असतो की गुठळ्या न होता सगळं दाट होतं. हे मिश्रण थंड करून, चाळणीत मलमलचं दुहेरी कापड घालून त्यात ओता आणि झाकून फ्रीजमध्ये रात्रभर निथळू द्या. सकाळी मऊ, गोडसर मास्कारपोने तयार.

यापेक्षाही स्वस्त मार्ग म्हणजे चक्का. श्रीखंडासाठी करतो तसं पाऊण किलो घट्ट, ताजं दही कापडात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगा. त्यातला २५० ग्रॅम चक्का घेऊन चाळणीतून घासून घ्या. कॉफीच्या तिरामिसूत चक्क्याचा आंबटपणा खुपतो, लिंबाच्या तिरामिसूत तो शोभतो. मात्र दही आंबट नको, आणि पिठीसाखर दोन चमचे वाढवा.

कृती

एक. साखरेत किसलेली साल घालून पाच मिनिटं बोटांनी चोळा. वास सुटला पाहिजे.

दोन. पातेल्यात थंड पाणी आणि कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता एकजीव करा. सालीची साखर आणि मीठ घालून मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण दाट होऊन त्यावर बुडबुडे फुटायला लागले की आणखी एक मिनिट शिजवा, म्हणजे पिठाची कच्ची चव जाईल.

तीन. आता गॅस बंद करा आणि मगच लिंबाचा रस घाला. रस आधी घालून उकळलं तर आम्ल पिठाचा दाटपणा मोडतं आणि क्रीम पातळ राहते. रस मिसळला की लोण्याचे तुकडे घालून चकचकीत होईपर्यंत ढवळा. साय धरू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद थेट चिकटवून ठेवा. पूर्ण थंड होऊ द्या.

चार. पाकासाठी पाणी आणि साखर दोन मिनिटं उकळा. गॅस बंद करून सालीच्या पट्ट्या घाला, पंधरा मिनिटं झाकण ठेवा, मग गाळा. थंड झाल्यावर रस मिसळा. पाक सरबतासारखा पातळच हवा, गुलाबजामच्या पाकासारखा चिकट नको. चिकट पाक बिस्किटाच्या आत शिरत नाही.

पाच. व्हिपिंग क्रीम, भांडं आणि बीटरची पाती, सगळं गार हवं. भांडं पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. क्रीम फेटा. बीटर उचलल्यावर मऊ टोक उभं राहून थोडं वाकलं की थांबा. त्यापुढे फेटत राहिलात तर क्रीमचं लोणी व्हायला लागतं. २५ टक्क्यांची साधी फ्रेश क्रीम इथे चालत नाही. हवा धरून ठेवायला क्रीममध्ये निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो.

सहा. दुसऱ्या भांड्यात मास्कारपोने आणि पिठीसाखर चमच्याने मऊ करा. त्यात थंड झालेल्या लिंबाच्या क्रीमचा अर्धा भाग मिसळा. मग फेटलेली क्रीम तीन वेळा करून, हलक्या हाताने, खालून वर उचलत मिसळा.

सात. पाक ताटलीत ओता. सावोयार्दी असेल तर एक बाजू एक सेकंद, दुसरी एक सेकंद, बस्स. केक रस्क जरा कडक असतो, त्याला प्रत्येक बाजूला दोन सेकंद द्या. हातात बिस्किट अजून टणक वाटलं पाहिजे. उरलेला ओलावा ते क्रीममधून घेणार आहे.

आठ. भांड्यात बिस्किटांचा एक थर, त्यावर पांढऱ्या क्रीमचा अर्धा भाग. पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम. वरून उरलेली लिंबाची क्रीम पसरा. झाकून फ्रीजमध्ये किमान आठ तास ठेवा. वाढताना पिस्ता आणि साल भुरभुरा.

हे आठ तास म्हणजेच या पदार्थाचं 'भाजणं'. या वेळात पाक बिस्किटाच्या मध्यापर्यंत पोचतो, क्रीममधला स्निग्धांश थंडीने घट्ट होतो आणि थर एकमेकांना धरतात. तीन तासांत काढलं तर चव येईल, पण चौकोन मोडेल. जिलेटिनशिवाय घट्टपणा हवा असेल तर त्याला रात्रभराची वाट हेच उत्तर.

वर चकचकीत जेलीचा थर हवा असेल तर आपल्या घरांत पुडिंगसाठी येणारा चायना ग्रास वापरा. तो समुद्री शेवाळापासून बनतो. आधी नुसत्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा, गॅस बंद केल्यावरच लिंबाचा रस घाला. आम्लात उकळला तर तोही नीट धरत नाही.

बिघडलं तर

तळाशी पाणी सुटलं तर बिस्किटं जास्त भिजली किंवा चक्का नीट निथळला नाही असं समजा. अशा वेळी चौकोन कापायचा हट्ट सोडा. ग्लासात किंवा वाट्यांत चमच्याने घालून द्या, मेहमानांना तसंच वाटेल.

क्रीम रवाळ झाली तर लिंबाची क्रीम कोमट असतानाच मिसळली गेली, किंवा मास्कारपोने जास्त फेटलं गेलं. दोन चमचे थंड, न फेटलेली क्रीम घालून हाताने हळू ढवळा. बऱ्याचदा सावरते.

कडू लागलं तर सालीबरोबर पांढरा पापुद्रा आला आहे. हे नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून किसतानाच लक्ष द्या.

ईदचं वेळापत्रक

हा पदार्थ ईदला सोयीचा आहे, कारण सगळं काम आधी होतं. अठ्ठावीसाव्या रोज्याला रात्री मास्कारपोने किंवा चक्का निथळत ठेवा. एकोणतिसाव्या रोज्याला इफ्तारनंतर क्रीम, पाक आणि थर करून घ्या. तेव्हा चवही बघता येते. चांद दिसला तर सकाळी नमाजनंतर पदार्थ तयार. नाही दिसला तरी बिघडत नाही. नीट झाकून, थंड फ्रीजमध्ये तो दोन-तीन दिवस चांगला राहतो आणि दुसऱ्या दिवशी उलट जास्त मुरतो.

फ्रीज पाच अंशांच्या खाली हवा. ईदच्या दिवशी फ्रीज सारखा उघडतो, म्हणून भांडं दारात नाही, आत मागच्या बाजूला ठेवा. बाहेर काढलेलं तिरामिसू दोन तासांच्या आत संपवा, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. मोठं भांडं दस्तरखानावर मांडून ठेवण्यापेक्षा लागेल तेवढे चौकोन कापून आणा. रात्री बराच वेळ वीज गेली असेल आणि भांडं कोमट लागत असेल तर ते वाढू नका. घरात मधुमेही असतील तर त्यांचा तुकडा लहान ठेवा. साखर पाकात आहे, दोन्ही क्रीममध्ये आहे आणि बिस्किटातही.

बाहेर खाताना

मुलं कॅफेत जाणारच. त्यांना 'खाऊ नका' एवढंच सांगण्यापेक्षा तीन प्रश्न शिकवा. बिस्किटं कशात बुडवली आहेत? क्रीममध्ये जिलेटिन आहे का, असेल तर कशाचं? अंडं कच्चं आहे का? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं शांतपणे मिळतात. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर आत स्वयंपाकघरात विचारून यायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं काही मागवा. संशयाच्या गोष्टीपासून दूर राहावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंच आहे.

आणि घरी केलेलं तिरामिसू शेजारीपाजारी पाठवाल तेव्हा डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा: 'मद्य नाही, जिलेटिन नाही'. अंडं आहे की नाही तेही लिहा. केक रस्क किंवा सावोयार्दी वापरली असेल तर त्यात अंडं असतंच, क्रीममध्ये नसलं तरी. शेजारच्या शाकाहारी घरात डबा जाणार असेल तर अंडं नसलेला साधा रस्क घ्या आणि पाकात दोन सेकंद जास्त बुडवा. आपल्याला जसं कुणीतरी आधीच सांगितलेलं बरं वाटतं, तसं त्यांनाही वाटतं.